सुप्याची होळी आणि अमेरिकेची लढाई

आपल्याच इतिहासाला तासिका पुरत नाहीत, त्यात जगाचा इतिहास कुठे कोंबायचा? शालेय अभ्यासक्रमाचा विषय निघाला की हा सवाल हमखास येतो. हे दोन वेगळे विषय आहेत आणि एकाला वेळ दिला की दुसऱ्याचा जातो, असा समज त्यामागे असतो. तो खरा नाही.

सुप्याचेच पाहा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या या बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवी होती कर्जखते आणि वह्या. हाती लागल्या तशा त्या जाळल्या गेल्या. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. धडा इथेच आटोपला तर सावकार लोभी आणि शेतकरी चिडलेला, एवढेच मुलांच्या पदरी पडते.

पण या होळीचा एक धागा थेट अमेरिकेपर्यंत जातो. 1861 मध्ये तिथे यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीनचतुर्थांश तिकडूनच येई. व्यापाऱ्यांनी मुंबईकडे धाव घेतली. भाव भडकले, गावोगाव उचल वाटली गेली, सावकारांचा हात सैल झाला. मुंबईत शेअरदलाल प्रेमचंद रायचंदांच्या अवतीभोवती शेअरचा जुगार रंगला. समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपनीच्या शेअरवरही लोक तुटून पडले. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या मुख्य सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली आणि जुलै उजाडेपर्यंत मुंबईचे दिवाळे वाजले. खेड्यातली उचल आटली, वसुलीचा तगादा सुरू झाला. त्यातच 1867 पासून सरकारने फेरआकारणी करून शेतसारा वाढवला. काही ठिकाणी तो दीडपट, दुप्पट झाला.

सगळे खापर कापसावर फोडता येत नाही, हेही खरे. दंग्यांच्या पट्ट्यात कापूस किती पिके आणि साऱ्याचा बोजा किती नडला, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वादही वर्गात यायला हरकत नाही.

दुसरी भीती अभिमानाची. परक्यांच्या कहाण्या वाचून मुले देशाला परकी होतील म्हणे! जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपली ‘गुलामगिरी’ ही पुस्तिका अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना, म्हणजे ज्या लढाईने कापसाचे भाव चढवले तिच्याच दुसऱ्या बाजूला. सावरकरांनी इटलीच्या मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले, ते 1907 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहरूंनी तुरुंगातून लेकीला पत्रे लिहिली, तीही जगाच्या इतिहासाची. तिघांची मते तीन दिशांना, पण देशप्रेमात कुणी उणा पडल्याचे ऐकिवात नाही.

जगाचा इतिहास म्हणजे युरोपातल्या राजांची सनावळी, या समजाला मात्र आपली पाठ्यपुस्तकेही जबाबदार आहेत. खरे तर तो त्याहून मोठा आहे. 1905 मध्ये जपानने रशियाला हरवल्याची बातमी भारतातल्या राष्ट्रीय चळवळीला हुरूप देऊन गेली. ठेच्यातली मिरचीही मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगीजांमार्फत इकडे आली.

आणि हे शिकवायला जादा पुस्तकाची गरज नसते. मुंबई पोर्तुगालशी झालेल्या 1661 च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे वर्षाला 10 पौंड भाड्याने गेली, हे पुस्तकात असतेच. पोर्तुगालला एका बाजूने स्पेनशी झुंजायचे होते, दुसरीकडे पूर्वेतली ठाणी डच बळकावत होते, म्हणून त्याला इंग्लंडची सोयरीक हवी होती. एवढे सांगायला फार तर दहा मिनिटे लागतात.