नळ गळतोय, पंखा मंदावलाय: कोकणातल्या घरात काय स्वतः दुरुस्त करायचं आणि कुठे थांबायचं?

मे संपत आला की कोकणात घरोघरी एकच लगबग सुरू होते. कौलं बघा, लाकडं आत घ्या, पडवीला झडीचा आडोसा बांधा. मृगाच्या आत हे उरकलं नाही, तर पुढचे चार महिने घरात बादल्या मांडून बसायचं.

आता गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर घ्या. समुद्राला लागून असलेलं गाव. शंकराचं प्रसिद्ध देऊळ आहे, इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. पण एका वायसरसाठी गुहागर किंवा चिपळूणहून प्लंबर बोलवायचा म्हटलं, तर त्याचा गाडीखर्च वायसरच्या कितीतरी पट होतो. त्यात मुलं मुंबई-पुण्याला आणि घरात फक्त आई-वडील, अशी घरं कोकणात गावोगावी आहेत. त्यामुळे थोडंफार काम स्वतःला यायलाच हवं.

पण कोणतं? त्यासाठी एक साधा प्रश्न विचारा: चूक झाली तर फरशी ओली होईल, की माणूस जाईल?

इथे वस्तू लवकर का बिघडतात?

कारण आहे मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे धातूवर ओलसर थर टिकून राहतो. मिठातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्राही फोडतं. म्हणून बिजागरी, खिळे, कड्या इथे लवकर गंजतात. नवीन घेताना पितळी घ्या, नाहीतर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या हवेत ते नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त टिकतं.

हे बिनधास्त करा

नळ ठिबकतोय? जुन्या, आटे फिरवायच्या नळात बहुतेक वेळा वायसर झिजलेला असतो. टाकीचा कॉक बंद करा, पाइपमधलं पाणी जाऊ द्या, पान्याने नळाचा वरचा भाग खोला आणि वायसर बदला. अर्ध्याहून कमी फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत असा वायसर नसतो. त्यांचा आतला स्पिंडल काढून दुकानात न्या आणि तसाच दुसरा आणा.

जोडातून गळत असेल तर टेफ्लॉन टेप लावा. पण जोड ज्या दिशेने घट्ट होतो, त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना सुटते.

विहिरीच्या काठावरचा पंप चालतोय, पण पाणी येत नाही? विहिरीत सोडलेल्या पाइपच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी खाली परत जाऊ देत नाही. त्यात कचरा अडकला की पाइप रिकामा होतो आणि पंप नुसती हवा ओढतो. व्हॉल्व्ह साफ करा, पंपात पाणी भरा. मात्र मेन स्विच बंद करूनच, आणि काठावर एकट्याने वाकून नाही.

हे जपून करा

पंखा सगळ्याच स्पीडवर मंद फिरत असेल, तर बहुतेक वेळा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. स्वस्तातला भाग आहे, जुन्यावर लिहिलेल्या आकड्याचाच नवा आणायचा. पण भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे करंट गेला असं समजू नका. काही घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असतं आणि बटण बंद असूनही पंख्यापर्यंत फेज पोचलेला असतो. मेन बंद करा, टेस्टरने तपासा. हे काम आधी कधी केलं नसेल तर इलेक्ट्रिशियनलाच द्या.

इथे थांबा

पहिलं, छप्पर. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ही मंगलोरी कौलं पसरली. कौल रिपेला अडकतं आणि स्वतःच्या वजनावर बसतं. म्हणून पडवीतलं एखादं फुटकं कौल शिडीवरून, आतल्या बाजूने बदलता येतं. वर मात्र चढू नका. कौलांवर शेवाळ असतं, आणि खालची रीप वाळवीने खाल्ली असेल तर वरून कळत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कौलं, पत्रे आणि ते बसवणारी माणसं, सगळ्यांचीच टंचाई झाली होती. म्हणून पाच-पन्नास कौलं परसात रचून ठेवलेली बरी.

दुसरं, करंट. फ्रिजला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात? 'थोडासा लागतो' म्हणून सोडून देऊ नका. कुठेतरी वीज गळतेय. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. करंट गळू लागला की तो सेकंदाच्या काही भागात वीज तोडतो. तो सारखा पडत असेल तर त्याला वगळून जोडणी करू नका, दोष शोधून घ्या. आणि बाहेर तार तुटून पडली असेल तर लांब राहा, १९१२ वर फोन करा.

गावी जाल तेव्हा

पावसाआधीच्या सुट्टीत गावी जाणार असाल, तर तीन कामं करा. मेन स्विच आणि टाकीचा कॉक कुठे आहे ते आई-बाबांना दाखवा, आणि त्यांच्याकडून बंद करून घ्या. आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून बघा, वीज गेली पाहिजे. आणि जवळच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. मोबाइलची बॅटरी संपली, तरी शेजारच्या फोनवरून लावता येईल.