स्वस्त टॅब घ्यावा, पण पारखून

5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबलेट विद्यार्थ्यांच्या हाती दिला, तेव्हा त्याच्या किमतीचा जगभर गाजावाजा झाला. डेटाविंड कंपनीचा हा सात इंची टॅब सरकारला सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. आत मात्र होता 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि बोटाने दाबल्याशिवाय दाद न देणारा रेझिस्टिव्ह पडदा. त्याच्या संथपणाबद्दल लगेच तक्रारी सुरू झाल्या. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या सहभागाने ‘आकाश 2’ आला. त्यात 1 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, 512 एमबी रॅम आणि हलक्या स्पर्शाला साथ देणारा पडदा होता.

त्या काळाच्या मानाने आजचे स्वस्त टॅब कितीतरी पुढे गेले आहेत. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए9 किंवा शाओमीचा रेडमी पॅड एसई 8.7 हे पावणेनऊ इंचांच्या आतले टॅब बाजारात आले तेव्हा त्यांच्या किमती साधारण अकरा ते तेरा हजारांपासून सुरू होत होत्या. तरीही खरेदी फसते, कारण ग्राहक किंमत आधी पाहतो आणि काम नंतर ठरवतो.

कामाचा प्रश्न पडद्यापासूनच सुरू होतो. 8.7 इंच हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं. टॅब उभा धरला की पडद्याची रुंदी भरते जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे त्या आकाराची पीडीएफ इथे निम्म्याहून थोडीच मोठी दिसणार. कादंबरीचं ई-बुक वाचायला हे माप झकास. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि टॅब एका हातात मावतो. पण मुलाला बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ रोज वाचायच्या असतील, तर प्रत्येक पान चिमटीने मोठं करत बसावं लागेल. अशा मुलासाठी दहा-अकरा इंचांचा टॅबच घ्यावा, मग तो जुन्या मॉडेलचा असला तरी चालेल.

त्यानंतर रॅम आणि साठवण. आज 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण याच्या खाली जाऊ नये. 32 जीबीच्या टॅबमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप्स मिळून मोठा हिस्सा आधीच खातात. मेमरी कार्ड घालता येतं, पण त्यावर फोटो, व्हिडिओ, पुस्तकं ठेवायची. बहुतेक ॲप्स मूळ साठवणीतच राहतात. खोक्यावर ‘8 जीबीपर्यंत रॅम’ असं छापलेलं असेल तर नीट वाचावं. त्यातली निम्मी बहुधा साठवणीतून उसनी घेतलेली असते, आणि स्वस्त टॅबची साठवण रॅमच्या तुलनेत फारच संथ असते.

दुकानदार ज्याबद्दल सहसा बोलत नाहीत ती बाब म्हणजे सुरक्षा अपडेट. या टॅबला ते किती वर्षं मिळणार, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावं. सवलतीत मिळणारं मॉडेल तीन वर्षांपूर्वीचं असेल, तर त्याची मुदत संपत आलेली असू शकते. चित्रपट पाहायचे असतील तर वाइडवाइन या व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या प्रणालीची एल1 पातळी आहे का, तेही विचारावं. नुसतं एल3 असेल तर नेटफ्लिक्स एचडी दर्जा देत नाही. सिमची सोय लागतेच असं नाही. घरी वाय-फाय आणि खिशात फोनचा हॉटस्पॉट असेल, तर सिमच्या मॉडेलचे जादा पैसे रॅमवर घालावेत.

खरी मजा टॅब घरी आल्यावर. तो आपल्या कामाचा करून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. आधी सगळी अपडेट करून घ्यावीत. मग आधीच भरलेले गेम आणि खरेदीची ॲप्स काढून टाकावीत. जी निघत नाहीत ती सेटिंग्जमधून बंद करावीत. त्यानंतर सेटिंग्जमधल्या माहितीच्या पानावर ‘बिल्ड नंबर’वर सलग सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ॲनिमेशन स्केलच्या तीन ओळी असतात. तिन्हींचा आकडा 1 वरून 0.5 वर आणला की खिडक्या उघडण्या-मिटण्याचा वेळ निम्मा होतो. प्रोसेसर तोच राहतो, पण टॅब हाताला चपळ लागतो. बाकीच्या पर्यायांना मात्र हात लावू नये.

आजीसाठी टॅब असेल तर भाषा मराठी करावी, अक्षरं मोठी करावीत आणि पहिल्या पानावर चारच चिन्हं ठेवावीत: व्हिडिओ कॉल, यूट्यूब, पुस्तकं, फोटो. जीबोर्डमध्ये मराठी घेतलं की बोलून टाइप करता येतं, आणि हीच सोय आजींना सगळ्यात लवकर आवडते. लहान मुलाच्या हाती देताना स्क्रीन लॉक लावून ‘ॲप पिनिंग’ आणि त्यातला पिन विचारण्याचा पर्याय चालू करावा, म्हणजे पिन केलेल्या ॲपबाहेर पडायला पिन क्रमांक लागतो. सोबत मुलांच्या वापरावर लक्ष ठेवणारं गुगलचं फॅमिली लिंक असावं.

काही उत्साही मंडळी टॅब सुरू करणाऱ्या ‘बूटलोडर’चं कुलूप उघडून लिनिएजओएससारखी वेगळी प्रणाली चढवतात. जुना, अपडेट थांबलेला टॅब त्यामुळे पुन्हा उभा राहू शकतो, आणि त्या खटपटीचं कौतुकच करायला हवं. मात्र त्याच मॉडेलसाठी ती उपलब्ध असली पाहिजे, सगळा डेटा पुसला जातो आणि बँकेची काही ॲप्स नंतर चालत नाहीत. वॉरंटीत असलेल्या नव्या टॅबवर हा प्रयोग करू नये.

घरात जुना टॅब पडून असेल तर नवा घेण्याआधी त्याची सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. ती फार मागची असेल तर त्यातून बँकेची ॲप्स आणि मुख्य ईमेल काढा, वाय-फाय बंद करा आणि कार्डावर ई-पुस्तकं भरा. वाचनापुरता तो अजून चालेल, आणि नव्यासाठीचे पैसे सध्या वाचतील.