एका पायावर जग जिंकणारी मानसी जोशी



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात असे गाव क्वचितच सापडेल, जिथे एखादे तरी अपंग मूल किंवा अपंग माणूस नाही. कुणाचा पाय लहानपणी पोलिओने लुळा पडला. कुणाचा हात मळणीयंत्रात गेला. कुणाला वावरात साप चावला, दवाखान्यात पोचायला रात्र गेली आणि पाय कापावा लागला. अशा मुलाला आपण जेवू घालतो, जीव लावतो, पण त्याला मैदानावर पाठवत नाही. शाळेत खेळाचा तास सुरू झाला की ते पोर दप्तरे राखत बसते. गुरुजींनाही त्यात काही वावगे वाटत नाही आणि आईबापांनाही नाही. "पडलं-बिडलं तर?" एवढे एकच कारण सांगितले जाते.

म्हणूनच आज या पानावर आम्ही मानसी जोशी या खेळाडूची हकीकत देत आहोत. बॅडमिंटन हा तिचा खेळ. डावा पाय गमावल्यानंतर ती २०१९ साली जगज्जेती झाली.

आडनाव वाचून काही वाचक म्हणतील, हिचा आणि आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आम्ही तो टाळणार नाही, पुढे त्याकडे येऊच. आधी हकीकत ऐका.

मानसीचा जन्म ११ जून १९८९ रोजी राजकोटला झाला, पण ती वाढली मुंबईच्या अणुशक्तीनगरात. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांनीच तिच्या हाती रॅकेट दिली. ती शाळेत खेळली, कॉलेजात खेळली, पण खेळ हा छंदच राहिला. सोमय्या महाविद्यालयातून २०१० साली इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली आणि संगणकाच्या कंपनीत नोकरीला लागली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीचे ठरलेले आयुष्य सुरू झाले होते.

२ डिसेंबर २०११ ची सकाळ. मानसी दुचाकीवरून कामावर निघाली होती. वाटेत एका ट्रकने तिला धडक दिली आणि पाय चाकाखाली चिरडला. मुंबईसारख्या शहरात, भर दिवसा, योग्य शस्त्रक्रिया सुरू व्हायला कित्येक तास गेले. डॉक्टरांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला, पण जखम चिघळत गेली आणि काही दिवसांनी डावा पाय कापावा लागला. तेव्हा तिचे वय होते २२. दवाखान्यातच दीड महिन्याच्या वर गेला. (मुंबईची ही गत, तर झरी-जामणीच्या किंवा महागावच्या माणसाने काय करावे, हा विचार हे वाचताना आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.)

पुढच्या वर्षी कृत्रिम पाय बसला. आता हा पाय म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कापलेल्या पायाचा उरलेला भाग एका खोबणीत घट्ट बसवायचा असतो. सुरुवातीला कातडी सोलते, फोड येतात, घाम साचतो. शरीर वाळले किंवा वाढले की खोबणी सैल होते नाहीतर रुतते. मानसीने चालण्याचा सराव केला आणि त्या सरावाचाच भाग म्हणून पुन्हा रॅकेट हाती घेतली. कंपन्यांच्या आपसातल्या एका स्पर्धेत ती उतरली आणि चक्क जिंकली. तेव्हा तिच्या लक्षात आले की पाय गेला, पण हाताची नजर गेलेली नाही. नीरज जॉर्ज या अपंग बॅडमिंटनपटूने तिला सांगितले की तू राष्ट्रीय पातळीवर खेळ. २०१४ च्या आशियाई अपंग क्रीडास्पर्धेसाठी तिने निवड चाचणी दिली, पण निवड झाली नाही. त्याच वर्षाअखेर ती पहिली राष्ट्रीय स्पर्धा खेळली.

इथे खेळाचे नियम थोडे समजून घेतले पाहिजेत, कारण पुष्कळांना वाटते की अपंगांची स्पर्धा म्हणजे कौतुकाचा कार्यक्रम, सगळ्यांना बक्षीस. तसे अजिबात नाही. अपंगांच्या बॅडमिंटनमध्ये सहा गट आहेत. चाकाच्या खुर्चीवर खेळणाऱ्यांचे दोन. उभे राहून खेळणाऱ्या, पण पायात दोष असणाऱ्यांचे दोन, त्यांना एसएल-३ आणि एसएल-४ म्हणतात. हातात दोष असणाऱ्यांचा एक आणि खुज्या उंचीच्या खेळाडूंचा एक. कोणता खेळाडू कोणत्या गटात, हे तपासणी करून ठरते. मानसीचा गट एसएल-३, म्हणजे पायाचा दोष अधिक असलेल्यांचा. या गटात एकेरीचा सामना अर्ध्या कोर्टावर होतो. ऐकायला सोपे वाटते, पण कोर्ट रुंदीला अर्धे होते, लांबीला नाही. प्रतिस्पर्धी एकदा फूल जाळीजवळ टाकतो, एकदा पार मागच्या रेषेवर, आणि एका पायावर जोर देऊन पुढे-मागे पळावे लागते. २१ गुणांचा गेम, तीनपैकी दोन जिंकायचे. इतरांना जो नियम, तोच इथेही.

२०१५ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे जागतिक स्पर्धा झाली. मिश्र दुहेरीत मानसीने रौप्यपदक मिळवले. या स्टोक मँडव्हिलची गोष्ट आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. तिथल्या इस्पितळात लुडविग गुटमन नावाचे डॉक्टर होते. ते ज्यू. केवळ जन्माने ज्यू म्हणून हिटलरच्या जर्मनीत त्यांचा छळ झाला आणि १९३९ साली ते कुटुंबासह इंग्लंडला आले. युद्धात पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांना त्या काळी मरेपर्यंत खाटेवर टाकून ठेवत. गुटमननी त्यांना खाटेवरून उठवून खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी १६ अपंग सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनी भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ ते. जन्मावरून ज्याला हाकलून दिले, त्याने शरीरावरून बाजूला टाकलेल्यांना उभे केले.

मानसीला २०१७ साली दक्षिण कोरियात उल्सान येथे एकेरीत कांस्यपदक मिळाले. पण कांस्यावर तिचे समाधान नव्हते. २०१८ साली ती हैदराबादला पुलेला गोपीचंद यांच्या अकादमीत गेली. तिथे वजन उतरवले, ताकद वाढवली, आठवड्याला सहा वेळा व्यायामशाळेत घाम गाळला. त्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई अपंग क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळाले. आणखी एक गोष्ट तिने केली. पाच वर्षे ती कृत्रिम पायाची तीच ती खोबणी वापरत होती आणि त्यामुळे तिची चाल मंदावत होती. तिने ती बदलली. मेहनत सगळेच करतात, पण मेहनतीला साधनही बरोबरीचे लागते.

ऑगस्ट २०१९. स्वित्झर्लंडमधील बासेल शहर. धडधाकट खेळाडूंची आणि अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा प्रथमच एकाच ठिकाणी, एकाच वेळी होत होती. अंतिम सामन्यात मानसीसमोर गुजरातच्या पारुल परमार होत्या. पारुलताईंनाही बालपणी पोलिओ झालेला. २०१५ आणि २०१७ या दोन्ही वेळच्या जगज्जेत्या त्याच, आणि २०१८ चे आशियाई सुवर्णही त्यांचेच. तो सामना मानसीने २१-१२, २१-७ असा सरळ जिंकला. पारुलताई तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, ४८ व्या वर्षी, त्या टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये खेळल्या. चाळिशी ओलांडली की 'आता आपलं काय राहिलं' म्हणणाऱ्या आमच्या महिला मंडळातील भगिनींनी हा आकडा वाचावा.

त्याच बासेलमध्ये पी. व्ही. सिंधूनेही सुवर्णपदक जिंकले. देशभर जल्लोष झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण दुसऱ्या सुवर्णपदकाची गोष्ट लोकांपर्यंत पोचायला काही दिवस जावे लागले. तिच्या सरावाची चित्रफीत फिरू लागली तेव्हा कुठे लोकांनी विचारले, अरे, ही कोण? मग मात्र सन्मान आले. २०२० साली 'टाइम' नियतकालिकाच्या आशिया आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती झळकली, बीबीसीने जगातील १०० महिलांत तिची गणना केली, एका बाहुलीच्या कंपनीने तिच्यासारखी कृत्रिम पायाची बाहुली बनवली. २०२२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

सरळ रेषेत चढत गेलेली ही गोष्ट नाही, हेही सांगितले पाहिजे. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये बॅडमिंटन पहिल्यांदाच आले, पण महिलांच्या एसएल-३ गटाची एकेरी त्यात नव्हतीच. जगज्जेती घरी राहिली, कारण तिच्या गटासाठी स्पर्धाच ठेवलेली नव्हती. २०२४ साली पॅरिसला तो गट आला, तेव्हा मानसी ३५ वर्षांची होती. गटातले दोन्ही सामने तिने तिसऱ्या गेमपर्यंत नेले आणि दोन्ही हरली. त्याच पॅरिसमध्ये सांगली जिल्ह्याच्या सुकांत कदमला एसएल-४ गटात चौथ्या क्रमांकावर थांबावे लागले. पदकाशिवाय परत आलेल्यांचे सत्कार आपल्याकडे होत नाहीत. व्हायला हवेत, असे आमचे मत आहे.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. मानसीला वडिलांची पक्की नोकरी होती, राहायला केंद्राची वसाहत होती, हातात इंजिनिअरची पदवी होती. अपघात होण्यापूर्वी पंधरा-सोळा वर्षे तिच्या हाताला रॅकेटची सवय होती. कळंब किंवा दारव्हा तालुक्यातल्या शेतमजुराच्या पोरीपाशी यातले काय आहे? म्हणून 'ती करू शकते तर तू का नाही' असे आपल्या पोरांना ऐकवू नये. तो अन्याय होईल. तिची जिद्द तिचीच, पण त्या जिद्दीखाली जमीन होती. आपल्या पोरांपाशीही जिद्द आहे. जमीन मागून घ्यावी लागेल.

जमीन न मिळता खेळून दाखवणारेही आपल्यात झाले. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजाचे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, पण मायदेशी त्यांचा चहा वेगळ्या भांड्यातून यायचा आणि संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, तो इतिहास निराळा. मैदानावरचे त्यांचे मोठेपण त्याने कमी होत नाही.

नावाचाही एक मुद्दा आहे. पूर्वी अपंग म्हणत, आता सरकारी कागदावर दिव्यांग म्हणतात. आपल्या समाजाला हा प्रकार ओळखीचा आहे. 'हरिजन' हे नाव कायद्यात घालायला निघाले, तेव्हा १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध करून सभात्याग केला होता. गोड नाव मिळाले म्हणून विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. आम्ही स्वतः एका सरकारी कार्यालयात पाहिले आहे, दिव्यांगांचे काम पहिल्या मजल्यावर आणि जिन्याला कठडादेखील नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आई पाठीवर घेऊन चढत होती. टेबलावरच्या पाटीवर मात्र सुबक अक्षरात 'दिव्यांग कक्ष'.

पोलिओची नवी रुग्णसंख्या देशात थांबली आहे आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, ही मोठी कामगिरी आहे. पण ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले होते, हेही विसरू नका. पोरे वाचली. गरिबाच्या दारी योजना कशी पोचते, त्याचा तो नमुना.

तेव्हा हक्क माहीत असू द्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. खेळात सहभागाची सोय करणे हे याच कायद्याने सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. ग्रामपंचायत असो की नगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, मागच्या वर्षी तो कशावर खर्च झाला. तोंडी नको, लेखी विचारा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आम्ही कारकुनी करतो, म्हणून सांगतो, पोच नसलेला अर्ज हा अर्जच नसतो. सगळ्याचे मूळ मात्र अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड. ते नसेल तर कृत्रिम पायही नाही, एसटीची ७५ टक्के सवलतही नाही आणि स्पर्धेत गटही नाही.

राहिला खेळ. बॅडमिंटनचे आधुनिक नियम पहिल्यांदा बांधले गेले ते आपल्या पुण्यात, १८७३ च्या सुमारास, आणि या खेळाचे जुने नावच 'पूना' होते. गोऱ्या साहेबांच्या आवारातला हा खेळ खेळायला मोठा हॉलच लागतो असे नाही. सकाळी वारा पडलेला असताना विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेतही तो खेळता येतो. कोर्टाची लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट, आणि जाळी मध्यभागी ५ फूट उंच. फूल पिसाचे महाग पडते आणि लवकर तुटते, नायलॉनचे आणावे. चुन्याची रेघ मारताना मधली रेष विसरू नये, अर्ध्या कोर्टावर खेळणाऱ्या पोरांना तीच लागते.