चहाचा पेला आणि ग्रामण्य

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्याच्या मुरुड गांवीं आज पाहुणा ओटीवर टेकला कीं, आंत चहाचें आधण चढतें. पूर्वीं कोंकणांत अशा वेळीं गूळ-पाणी पुढें येत असे. हा पालट इतका अंगवळणीं पडला आहे कीं, याच पेयापायीं आमच्या समाजांतील थोरामोठ्यांस प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं, हें ऐकून नव्या पिढीस नवल वाटेल. म्हणून इंग्रजांच्या घरचा हा पाहुणा आमच्या माजघरांत कसा शिरला, तें थोडक्यांत पाहूं.

चहा ही मूळची इंग्रजांची वस्तु नव्हे. चीन देशांतून ती सतराव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या कॉफीगृहांत पोंचली. सॅम्युएल पेपीस यानें २५ सप्टेंबर १६६० च्या रोजनिशींत आपण चहा प्रथमच घेतल्याची नोंद केली आहे. पुढें १६६२ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजाचा विवाह पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशीं झाला. मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें तें याच लग्नांत. आणि दरबारच्या स्त्रियांत चहाची आवड वाढली तीहि बहुतांशीं याच राणीमुळें. मुंबई व चहा हीं जणुं एकाच वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या घरीं आलीं!

आरंभीं चहा इतका महाग होता कीं, त्याची पेटी कुलुपांत ठेवून किल्ली घरधनीण स्वतःपाशीं बाळगी. त्यावरील जकात शेंकडा ११९ पर्यंत चढली होती. १७८४ सालीं ती साडेबारांवर आणली, तेव्हां चोरटा व्यापार बसला आणि चहा गरिबाच्या घरींहि गेला. १८४० च्या सुमारास तिसऱ्या प्रहरच्या चहाची प्रथा उमरावांच्या वाड्यांत रूढ झाली. तिचें श्रेय बेडफर्डच्या डचेस ॲना यांस देण्यांत येतें. परंतु या शिष्टाचाराची दुसरी बाजू काळी आहे. चीनला चहाचें मोल चुकवितां यावें म्हणून हिंदुस्थानची अफू तिकडे धाडली जाई. माळव्याची अफू तर मुंबई बंदरांतूनच जाई. यांतूनच १८३९ ते १८४२ चें अफूचें युद्ध पेटलें. त्याच १८३९ सालीं आसामांतील चहाचा पहिला लिलाव लंडनास झाला.

आमच्याकडे चहा निषिद्ध होता काय? सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेच्या इंग्रज वखारींत आलेला धर्मोपदेशक ओव्हिंग्टन लिहितो कीं, तेथील वाण्यांस चहा-कॉफीची मनाई नाहीं. म्हणजे विटाळ पानांत नव्हता. प्रश्न होता तो पेला कोणाच्या हातचा, हा.

याचा प्रत्यय पुण्यांत ऑक्टोबर १८९० मध्यें आला. पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेहि तेथें होते. कांहींनीं चहा घेतला, कांहींनीं पेले नुसते हातीं धरले. गोपाळ विनायक जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि ग्रामण्य उसळलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. त्यांनीं चौकशीस शास्त्री नेमले. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं स्नेह्यांखातर तें घेतलें.

पण बहिष्काराची खरी धार पाहावयाची असेल तर पुन्हां मुरुडासच आलें पाहिजे. येथील धोंडो केशव कर्वे यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यांत गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला. गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांस घरांत घेतल्यास वडील बंधूंचें कुटुंबहि वाळींत पडावें, अशी स्थिति झाली. ज्यानें मुरुड फंड उभारून गांवाचें हित पाहिलें, त्यास स्वतःच्या घरचा उंबरा दुरावला! येथें प्रायश्चित्ताची पळवाट नव्हती. कारण लग्न मोडल्यावांचून तें मोडतें कसें?

पुढें चहाचा मार्ग निष्कंटक झाला. १९०३ सालीं चहाच्या निर्यातीवर कर बसवून त्या पैशांतून प्रचार सुरू झाला, आणि १९३० नंतरच्या मंदींत हिंदी गिऱ्हाइकाकडे मळेवाल्यांचें लक्ष अधिकच वळलें. पंचवीस-तीस वर्षांत जें पातक होतें तें आतिथ्य झालें. विधवेच्या प्रश्नास मात्र याहून कितीतरी अधिक काळ लागला. याचें कारण उघड आहे. चहा घेतल्यानें कोणाची सत्ता कमी होत नाहीं. स्त्रीस तिचा हक्क देतांना घरांतील कोणास तरी आपली जागा सोडावी लागते. सुधारणेची कसोटी जिभेच्या संवयींत नसून या दुसऱ्या गोष्टींत असते.

आमच्या एकत्र कुटुंबांनीं आजहि एक साधी परीक्षा घेऊन पाहावी. सकाळचा चहा दहा माणसांस देणारी सून स्वतः तो कितव्या पाळीस घेते, आणि तेव्हां तो गरम असतो काय?