उन्हात टाकलेली गादी

मे महिन्यात भुसावळच्या एखाद्या गल्लीतून सकाळी फेरफटका मारा. गच्चीवर, ओट्यावर, अंगणातल्या खाटेवर गाद्या, उशा आणि गोधड्या पसरलेल्या दिसतील. 'गाद्यांना ऊन दाखवणे' ही घरोघरची जुनी रीत. घरात सोफा आणि दिवाण आले, पण ही रीत त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्यांच्यासाठी आपण बाजारातून फवारा आणतो. ऊन नेमके काय काम करते आणि कोठे अपुरे पडते, हे समजून घेतले तर फवाऱ्याची गरज बरीच कमी होईल.

प्रथम कापूस पाहू. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज हवेतील बाष्प धरून ठेवते. साधारण दमट हवेत कापसाच्या वजनात सात-आठ टक्के पाणी असते. त्यात आपल्या घामाची भर पडते. ओलसर तंतू अंगाच्या भाराने एकमेकांना चिकटतात आणि गादी दडस होते. उन्हात हे पाणी उडून जाते, तंतू मोकळे होतात, त्यांच्यामध्ये हवा शिरते. म्हणून संध्याकाळी गादी फुगलेली वाटते.

आता गादीतील रहिवाशांकडे वळू. धुळीत माइट नावाचे, आठ पायांचे, डोळ्यांना सहज न दिसणारे जीव राहतात. आपल्या त्वचेचा गळलेला कोंडा हे त्यांचे अन्न. ते पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शरीरात शोषून घेतात. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली, तर ते सुकून मरतात. भुसावळला मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता बरेचदा २५ टक्क्यांच्याही खाली असते! मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अनेक मुलांना दमा किंवा सकाळच्या शिंका येतात, त्या माइटच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. ही प्रथिने उन्हाने नाहीशी होत नाहीत. म्हणून ऊन दिल्यावर गादी घराबाहेरच काठीने झोडपली पाहिजे. झोडपणाऱ्याने नाकावर फडके बांधावे, आणि दमेकरी मुलाला हे काम मुळीच सांगू नये.

ढेकणांचे गणित वेगळे आहे. ४५ अंश सेल्सियस तापमानात प्रौढ ढेकूण सुमारे दीड तासात मरतात, पण त्यांच्या अंड्यांना त्याच तापमानात सात तास लागतात. ४८ अंशांवर अंडीही सुमारे सव्वा तासात नष्ट होतात. भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो, मग प्रश्न मिटला का? नाही. कापसात अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक आहे. गादीचा पृष्ठभाग चटका देतो, तेव्हा आतला भाग त्या मानाने थंडच असतो, आणि ढेकूण तिकडे सरकतात. गादी काळ्या कापडाने झाकली आणि दुपारी उलटली तर परिणाम वाढतो. खाटेच्या व दिवाणाच्या सांध्यांत मात्र उकळते पाणीच ओतावे लागते.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा औषध मारणे सोपे, असे वाटेल. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधला, त्यासाठी १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याआधीच, १९४७ साली, हवाई बेटांवर डी.डी.टी.ला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. याहून गंभीर म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही लोक ढेकणांसाठी घरात ठेवतात. हवेतील बाष्पाशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू निघतो. बंद खोलीत झोपलेली माणसे, विशेषतः मुले, त्याने दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगा.

सोफ्याचे काय करायचे? सुट्या होणाऱ्या गाद्या काढून बाहेर न्याव्यात. फोमला थेट ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. कापडाचा रंगही विटतो. म्हणून वर जुनी गडद चादर टाकावी. सोफ्याच्या खाचांतील धूळ कुंचल्याने काढावी. डागासाठी रिठे रात्रभर भिजवून ते पाणी घुसळावे आणि फक्त वरचा फेस कापडाने डागावर लावावा. रिठ्यातील सॅपोनिन हे द्रव्य तेलकट मळ सोडवते. फेसात पाणी थोडे असल्याने फोम भिजत नाही. भिजलेला फोम आतून लवकर वाळत नाही आणि त्यात बुरशी धरते. आधी आतल्या कोपऱ्यावर लावून पाहावे, कारण फिक्या कापडावर रिठ्याचा डाग पडू शकतो.

हा सारा विषय वर्गात करून पाहता येईल. प्रयोगशाळेतील तीन तापमापके घ्या (ताप मोजायचा तापमापक वापरू नका, तो फुटेल). एक सावलीत, एक काळ्या कापडाखाली उशीवर आणि एक उशीच्या मधोमध ठेवा. दर अर्ध्या तासाने नोंद करून आलेख काढा. मधला तापमापक ४८ अंशांपर्यंत पोचला का? किती वाजता? तेथे सव्वा तास टिकला का? उशीऐवजी जाड गादी घेतली तर काय होईल? उत्तर आधी लिहून घ्या, मग मोजा. घरातली आजी गादी दुपारी का उलटत होती, ते आलेखच सांगेल.