चौकट, भिंत आणि मधली फट

जरीपटका हे मराठ्यांच्या निशाणाचे नाव. उत्तर नागपुरातली त्या नावाची वस्ती मात्र वाढली ती फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे. अशा जुन्या वस्त्यांतून घरांवर मजले चढतात, दर्शनी भिंती पुढे येतात, फरशा बदलतात, आणि सगळ्यात शेवटी पाळी येते खिडक्यांची. सागवानी चौकट, उघडणारे दोन पल्ले, मधे लोखंडी गज. पल्ले फुगलेले, कडी लागत नाही, दुपारी झळा आत येतात. मग घरमालक फॅब्रिकेटरला बोलावतो आणि बोलणे लगेच काचेवर जाते: साधी की दुहेरी, पांढरी की रंगीत, ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी. खिडकी बसवायची कशी, हा प्रश्न निघाला तर निघतो. माझ्या मते महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि हे सांगायला थोडे अंकगणित पुरेसे आहे.

बसवण्याच्या रीती तीन. पहिली, जुनी चौकट जागेवर ठेवून तिच्या आत नवी चौकट स्क्रूने आवळायची. एका दिवसाचे काम, तोडफोड नाही. दुसरी, जुनी चौकट तिला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांसकट (होल्डफास्ट) उखडायची, कडा नव्याने गिलावा करून सरळ करायच्या आणि नवी खिडकी थेट भिंतीला धरायची. यात गवंडी लागतो, धूळ होते, रंगही पुन्हा द्यावा लागतो. तिसरी रीत फॅब्रिकेटर सहसा सुचवत नाही, कारण त्यात त्याचे काम फारसे नसते: चौकट तीच ठेवायची, फक्त पल्ले नवे करायचे आणि चौकटीभोवतीची फट नीट बुजवायची.

आता हिशेब. चौकटीच्या आतले मोजमाप ४ फूट बाय ४ फूट धरू. तिचा घेर १६ फूट, म्हणजे ४.९ मीटर. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वीट आणि गिलावा त्याच्यासोबत हलत नाहीत. त्यामुळे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये भेग पडते. ही भेग सगळीकडून फक्त ३ मिलिमीटर असली, तरी तिचे एकूण क्षेत्रफळ भरते सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर. भिंतीत बारा सेंटिमीटरचे चौकोनी भोक पाडावे, तेवढे. बाहेर ४४ अंश आणि आत २८ अंश असताना या फटीतून सेकंदाला एक मीटर इतक्या मंद वेगाने हवा आत आली, तरी ती सुमारे अडीचशे वॅट उष्णता घेऊन येते. त्याच वेळी खिडकीभर एकेरी काच धरली, तर तिच्यातून वहनाने येणारी उष्णता सुमारे १३५ वॅट. दुहेरी काच लावून त्यातली निम्मी वाचते. म्हणजे महागड्या काचेने साठ-सत्तर वॅट वाचवायचे आणि शेजारच्या फटीतून अडीचशे आत घ्यायचे, असा हा व्यवहार होतो.

पहिल्या रीतीचा मोठा दोष इथे दिसतो. चौकटीत चौकट बसवली की सांधे दोन होतात: एक नव्या-जुन्या चौकटीमधला, दुसरा जुन्या चौकटीचा आणि भिंतीचा. फॅब्रिकेटर पहिला सांधा सिलिकॉनने भरतो, कारण तो त्याचा आहे. दुसऱ्याला कुणी हात लावत नाही, वर शोभेची पट्टी मात्र लागते. जुन्या सागवानाला आतून वाळवी असेल, तर तीही पट्टीमागे झाकली जाते.

दुसरा तोटा वाऱ्याचा, आणि नागपुरात तो जास्त जाणवतो. यूपीव्हीसीची नवी चौकट प्रत्येक बाजूने सुमारे ६० मिलिमीटर जागा खाते. १६ चौरस फुटांच्या मोकळ्या जागेचे उरतात १३. त्यात सरकती खिडकी घेतली, तर एका वेळी निम्मीच उघडते. म्हणजे साडेसहा चौरस फूट. जुने दोन्ही पल्ले उघडले की १६ चौरस फूट मोकळे व्हायचे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेली ‘इको निवास संहिता’ नागपूरसारख्या संमिश्र हवामानासाठी उघडता येणारे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के असावे, असे म्हणते. ही संहिता नव्या इमारतींसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून ती उपयोगी पडते. दहा बाय बाराच्या खोलीला त्या हिशेबाने १५ चौरस फूट लागतात. जुनी खिडकी त्यात बसते, नवी निम्म्यावरही पोचत नाही.

‘एसी असताना वारा कशाला हवा?’ हा आक्षेप रास्त आहे. ज्या खोलीत दिवसरात्र एसी चालतो, तिथे उघडणारी जागा कमी झाल्याने फार बिघडत नाही. पण नागपूरचा उन्हाळा अजून बऱ्याच घरांत कुलरवर निघतो. कुलर हवा थंड करतो ती पाण्याच्या बाष्पीभवनाने. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २३ अंशांवर येते. कुलरची हवा त्याच दिशेने खाली जाते. अट एकच, आत आलेल्या दमट हवेला बाहेर जायला वाट हवी. वाट नसली, की दमटपणा साचतो आणि ‘कुलर काम करत नाही’ अशी तक्रार सुरू होते. म्हणून थंड देशांतला ‘घर हवाबंद करा’ हा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. सांधा बंद हवा आणि पल्ला मोठा उघडणारा हवा. फटीतून येणारी झळ आपल्या हातात नसते. खिडकी आपण संध्याकाळी उघडतो, सकाळी लावतो.

मग सरसकट चौकट उखडावी का? नाही. चौकट शाबूत असेल, तर तिसरी रीत माझ्या दृष्टीने सर्वात शहाणपणाची. जुने सागवान उष्णता फारशी वाहू देत नाही. ॲल्युमिनियम त्याच्या हजार पटींच्या आसपास वाहू देते. चौकट शाबूत आहे की नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांत पेचकस टोचून पाहा. सहज रुतला तर लाकूड गेले. दोन्ही कर्ण मोजा. फरक बोटभर निघाला तर चौकट वाकडी झाली आहे. लोखंडी चौकट असेल, तर गंज पाहा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि गिलावा फोडतो. तिथे नव्या खिडकीचे स्क्रू कशाला धरणार? अशा वेळी दुसरीच रीत. फक्त खिडकीवर विटांचा भार पेलणारी आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, आहे का, ते आधी गवंड्याकडून पाहून घ्या. फार जुन्या बांधकामात कधी विटा चौकटीवरच टेकलेल्या असतात. तसे असेल आणि भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल, तर चौकटीत चौकट हाच सुरक्षित मार्ग, पण बाहेरचा सांधा भरून घेतल्यावर.

फट बुजवायची कशाने, यातही चूक होते. यूपीव्हीसी तापल्यावर बरेच प्रसरण पावते: दीड मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ ३ मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियमची एक मिलिमीटर. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. उन्हात तापलेली चौकट त्याहून खूप गरम असते. तिच्याभोवती व्हाइट सिमेंट कच्चून भरले, तर ते पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. बाजूने पाच-सहा मिलिमीटर जागा सोडावी, आत पीयू फोम भरावा आणि बाहेरून लवचिक सिलिकॉन लावावे. फोम उघडा ठेवू नये; उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा भुगा होतो. सिलिकॉन चुन्यावर किंवा धुळीवर चिकटत नाही, म्हणून कडा आधी खरवडून घ्याव्या लागतात. खालच्या कडेला बाहेरच्या बाजूने उतार हवा, नाहीतर पावसाचे पाणी चौकटीखालून भिंतीत उतरते.

पश्चिमेच्या खिडकीची गोष्ट वेगळी. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे मानलेले नऊ दिवस, लागतो, २६ मेच्या सुमारास नागपुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा दक्षिणेच्या काचेवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. पश्चिमेच्या काचेवर मात्र चार वाजल्यानंतर ऊन तिरपे आत शिरते, छज्जा त्याला अडवू शकत नाही. साध्या काचेतून त्या उन्हाची बहुतांश उष्णता आत येते. बसवण्याची कोणतीही रीत तिला थांबवत नाही. तिथे काचेचे पैसे बाहेरच्या बाजूच्या चिकावर किंवा झडपेवर घालावेत.

काम झाल्यावर खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू करा आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर कुठे आत झुकला, तर तिथे फट आहे. ही तपासणी शोभेची पट्टी लागण्यापूर्वी करा, आणि राहिलेले पैसे त्यानंतरच द्या.