सेवांची बाजारपेठ आणि दूरध्वनीचे देयक : फ्रान्समधील मिनिटेलचा अनुभव

दूरध्वनीच्या तारेवरून रेल्वेचे आरक्षण करावे, बँकेतील शिल्लक पाहावी, मालाची मागणी नोंदवावी, यात आज नवल राहिलेले नाही. परंतु हे व्यवहार सर्वसामान्यांच्या घरी मोठ्या प्रमाणावर प्रथम नेले ते फ्रान्सच्या दूरसंचार खात्याने. सेंट मालो येथे १९८० मध्ये आणि पॅरिसनजीकच्या वेलिझी येथे १९८१ मध्ये प्रयोग झाले व त्यानंतर 'मिनिटेल' हे पडदा आणि कळफलक असलेले छोटे यंत्र ग्राहकांना मोफत देण्यात आले. छापील दूरध्वनी निर्देशिकेवरील खर्च वाचेल, हा त्यामागील एक हिशेब होता.

तथापि मिनिटेलचे खरे यश यंत्रापेक्षा वसुलीच्या पद्धतीत होते. १९८४ मध्ये खात्याने 'किऑस्क' ही व्यवस्था सुरू केली. ग्राहकाने ३६१५ हा क्रमांक फिरवून सेवेचे सांकेतिक नाव टंकित करावयाचे. आकारणी मिनिटागणिक होई आणि ती रक्कम दूरध्वनीच्या देयकातच येई. खाते आपला हिस्सा ठेवून उरलेली रक्कम सेवा पुरविणाऱ्यास देत असे. त्यामुळे लहान प्रकाशकासही वसुलीसाठी कचेरी थाटावी लागली नाही, आणि ग्राहकासही प्रत्येक ठिकाणी आपले नाव-गाव सांगावे लागले नाही. पुढे सेवांची संख्या वीस हजारांवर गेली. ३० जून २०१२ रोजी ही सेवा बंद झाली.

या पद्धतीत एक खोट होतीच. पैसे मिनिटावर मिळत असल्याने ग्राहकास जितके रेंगाळत ठेवावे तितका सेवाचालकाचा लाभ. देयकातील मोठा आकडा पाहून घरोघरी वाद होत, तेव्हा ग्राहकासमोर सेवाचालक नव्हे, दूरध्वनी खातेच उभे असे. जो वसुली करतो त्याने जबाबही द्यावा, ही लोकांची अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. जपानच्या डोकोमो कंपनीने १९९९ मध्ये 'आय-मोड' सुरू करताना वसुलीचे हेच तत्त्व स्वीकारले. मात्र आपला वाटा तिने अवघा ९ टक्के ठेवला.

भारतात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. येथील बहुसंख्य भ्रमणध्वनी ग्राहक आगाऊ पैसे भरणारे; त्यांच्या घरी देयक येतच नाही. गाण्याची वा ज्योतिषाची एखादी सेवा चुकून सुरू झाली, तर शिल्लक संपल्यावरच ते उमगते, आणि मग शेतमजूर शाळेतील गुरुजींकडे वा ग्रामपंचायतीत फोन घेऊन येतो. अशा तक्रारी वाढल्यामुळे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जुलै २०१३ मध्ये सेवाकंपन्यांना निर्देश दिले, की कोणतीही मूल्यवर्धित सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची संमती दोनदा घ्यावी, आणि दुसरी संमती सेवा विकणाऱ्याने नव्हे तर स्वतः दूरसंचार कंपनीने घ्यावी.